एका आलेखाला दोन सूच्या

अंटार्क्टिकातल्या पामर स्टेशनजवळच्या तीन बेटांवर २००७ ते २००९ या काळात ३४४ पेंग्विनांची मापं घेतली गेली: चोच, पंख, वजन. संगणकावर आलेख काढायला शिकणाऱ्यांना हल्ली बहुधा हेच पेंग्विन सरावाला मिळतात. त्याआधी कित्येक वर्षं १९३६ साली प्रसिद्ध झालेली आयरिसच्या १५० फुलांची मापं सगळ्यांच्या वाट्याला यायची.

आडव्या अक्षावर पंखाची लांबी, उभ्या अक्षावर वजन आणि प्रत्येक पेंग्विनाचा एक ठिपका. रंगावरून जात कळावी: ॲडेली, चिनस्ट्रॅप, जेंटू. बेटासाठी गोल, त्रिकोण, चौकोन: बिस्को, ड्रीम, टॉर्गर्सन. आता वाचणाऱ्याला ही खूण उलगडून सांगणारी सूची हवी. जात आणि बेट यांच्या जोड्या लावून एकच सूची केली, तर तिच्यात तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ ओळी होतात. दोन वेगळ्या सूच्या केल्या की तीन अधिक तीन, सहाच. नर-मादी दाखवायला भरीव आणि पोकळ ठिपके वापरले, तर एका सूचीत अठरा ओळी, वेगवेगळ्या तीन सूच्यांत मिळून आठ. सूच्या वेगळ्या करायच्या त्या यासाठी.

पण पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबला हे आपणहून सुचत नाही. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पाहण्याच्या गरजेतून ही लायब्ररी लिहिली. ती २००३ साली बाहेर आली. तिच्यात एका आलेखाला मुळात एकाच सूचीची जागा आहे. ‘लेजंड’ ही आज्ञा दुसऱ्यांदा दिली की पहिली सूची गायब होते, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. उपाय सोपा, पण माहीत असावा लागतो: पहिली सूची एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायची, ‘ॲड आर्टिस्ट’ने ती आलेखाला पक्की चिकटवायची आणि मग दुसरी मागवायची. बेटांच्या सूचीतल्या खुणा राखाडी ठेवाव्यात. तिथे निळा त्रिकोण दिसला, की वाचणारा निळ्याचाही अर्थ शोधत बसतो.

आर भाषेतलं जीजीप्लॉट२ याच्या उलट वागतं. लेलंड विल्किन्सन यांच्या १९९९ सालच्या पुस्तकातला आलेखांच्या व्याकरणाचा विचार घेऊन हॅडली विकम यांनी ते रचलं. रंग कशासाठी आणि रूप कशासाठी एवढं सांगितलं, की सूच्या तेच मांडतं. रंग आणि रूप दोन्ही जातीलाच दिले, तर दोन्हींची मिळून एक सूची करण्याचा शहाणपणाही त्याच्याकडे आहे. मात्र रंगाच्या सूचीचं शीर्षक मराठीत केलं आणि रूपाचं तसंच राहिलं, की ती लगेच दुभंगते. शीर्षक आणि नावं तंतोतंत जुळली तरच त्याच्या लेखी सूची एक!

राहिला जागेचा प्रश्न. मॅटप्लॉटलिबला ‘बेस्ट’ म्हटलं की ते नऊ जागा तपासून जिथे ठिपके कमीत कमी झाकले जातील ती निवडतं. ठिपके लाखांत असले की यात वेळ जातो, आणि दोन्ही सूच्यांना ‘बेस्ट’ सांगितलं तर त्या एकमेकींवर येऊन बसू शकतात. त्यापेक्षा चौकटीबाहेर उजवीकडे एकाखाली एक ठेवाव्यात. चौकटीची रुंदी-उंची शून्य ते एक धरली जाते. म्हणून आडवं १.०२, उभं १ हा बिंदू देऊन सूचीचा वरचा डावा कोपरा तिथे टेकवायचा. चित्र साठवताना ‘टाइट’ हा पर्याय द्यायला विसरू नये, नाहीतर बाहेरची सूची कापली जाते.

एवढी मेहनत करून आलेख पाहावा, तर नऊ जोड्यांपैकी पाचच प्रत्यक्षात आहेत. जेंटू फक्त बिस्कोवर, चिनस्ट्रॅप फक्त ड्रीमवर. तिन्ही बेटांवर आहेत ते एकटे ॲडेली. प्रश्न पंख आणि वजनाचाच असेल, तर मी बेटांची सूची सरळ काढून टाकेन. जेंटू सरासरी पाच किलोंचे, त्यामुळे त्यांचा पुंजका वर उजवीकडे बराचसा वेगळा पडतो. त्याच्या शेजारी त्याच रंगात नाव लिहिलं की झालं. ॲडेली आणि चिनस्ट्रॅप मात्र एकमेकांत मिसळलेले, तिथे रंगांची सूची लागतेच. आडव्या अक्षावर पंखाऐवजी चोचीची लांबी घेतली, तर तेही बऱ्यापैकी वेगळे होतात.