कमलाची कमाल

मुलांनो, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातली ही गोष्ट. चौथीतल्या एका मुलीला नाटकात परीचं काम मिळालं होतं. रंगीत तालमीला ती आली ती तोंडाला पावडरचा जाड थर फासूनच! मी विचारलं, "अगं, हे काय?" तर म्हणाली, "बाई, परी गोरी असते ना?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. घरी गेल्यावर मात्र कमला खान आठवली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते.

कमला ही मार्व्हलच्या कॉमिक्समधली नायिका. वय वर्षं सोळा. राहते अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या समोर हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर वसलेल्या जर्सी सिटीत. आईवडील कराचीहून तिकडे गेलेले. घरात शिस्त कडक, रात्री पार्टीला जायचं नाही म्हणजे नाही! पण कमला एकदा गुपचूप गेलीच. तिथे काय झालं? 'तुझ्या अंगाला मसाल्याचा वास येतो' असं झोई नावाच्या वर्गमैत्रिणीने तिला तोंडावर ऐकवलं. बिचारी हिरमुसली. परत येताना वाटेत एका गूढ धुक्याने तिला गाठलं आणि तिच्या अंगात अद्भुत शक्ती आली. हवं ते रूप घ्यायचं, हवं तेवढं मोठं किंवा लहान व्हायचं!

आता सांगा, तिने पहिलं रूप कुणाचं घेतलं असेल? तिच्या लाडक्या कॅप्टन मार्व्हलचं, म्हणजे कॅरल डॅन्व्हर्सचं. उंचीपुरी, गोरी, सोनेरी केसांची. त्याच रात्री झोई नदीत पडली, तेव्हा कमलाने हात भलामोठा करून तिला अलगद बाहेर काढलं. हो, तीच झोई! पण त्या उसन्या रूपात कमलाला काही सुख लागेना. बूट चावत होते, कपडे काचत होते.

पुढे तर भलतंच घडलं. दुकानात शिरलेल्या एका मुलाच्या हातून पिस्तूल सुटलं आणि गोळी थेट कमलाला लागली. त्या वेळीही ती कॅरलच्याच रूपात होती. ती आपल्या मूळ रूपात परतली, आणि काय आश्चर्य! जखम भरून आली! कमलाच्या शक्तीचा नियमच तसा आहे. जखम भरायची तर आधी स्वतःच्या रूपात यावं लागतं. शिवाय हे फुकट होत नाही बरं का! नंतर सपाटून भूक लागते, अंगातलं त्राण जातं.

त्यानंतर तिने सोनेरी केसांचा नाद सोडला. पोहण्याचा अंगभर पोशाख होता, त्याचाच नवा वेष केला आणि 'मिस मार्व्हल' हे नाव घेतलं. कुणी नेमलेलं नसताना, बिल्ला नसताना ती आपल्या गावाची राखण करू लागली.

ही कमला 2013 मध्ये पहिल्यांदा दिसली आणि 2014 मध्ये तिचं स्वतःचं कॉमिक निघालं. संपादिका सना अमानत आपल्या लहानपणीच्या गमती सहकारी स्टीफन वॅकर यांना सांगत होत्या, त्या गप्पांतून ही कल्पना निघाली. कथा लिहिली जी. विलो विल्सन यांनी, चित्रं काढली एड्रियन अल्फोना यांनी. पहिल्या संग्रहाला 2015 मध्ये विज्ञानकथांचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

मग कमला पडद्यावर आली. आधी कार्टूनमध्ये, मग 2022 मध्ये सहा भागांच्या 'मिस मार्व्हल' मालिकेत. कमला झाली इमान वेलानी, कराचीत जन्मलेली आणि कॅनडात वाढलेली मुलगी. ही तिची पहिलीच भूमिका. आईचं काम मुंबईत जन्मलेल्या झेनोबिया श्रॉफ यांनी केलं, वडिलांचं मोहन कपूर यांनी. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर 'साँप सीढ़ी' खेळवणारे तेच हे, आईबाबांना विचारा! 2023 मध्ये 'द मार्व्हल्स' हा सिनेमा आला. तिकीटबारीवर तो पडला, पण लाडक्या कॅरलच्या खांद्याला खांदा लावून लढायची कमलाची हौस त्यात फिटली.

पडद्यावर तिची शक्ती मात्र बदलली. आजीने कराचीहून पाठवलेल्या कड्यामुळे ती जागी होते आणि कमला प्रकाशाच्या पायऱ्या करून हवेत चालते. जखम भरण्याची जादू मालिकेत नाही. कॉमिक्सचे काही वाचक यावर रुसले. मलाही चुटपुट लागली. पण मालिकेत दुसरी एक जखम भरते. 1947 च्या फाळणीत कमलाची आजी अगदी लहान वयात स्टेशनवरच्या गर्दीत आपल्या वडिलांपासून हरवते. कमला भूतकाळात जाऊन त्या बाळाला वडिलांकडे पोचवते. आणि आई व आजी, ज्यांच्यात कित्येक वर्षं दुरावा होता, त्या पुन्हा जवळ येतात. पालकांनी मुलांबरोबर बसून हा भाग जरूर पाहावा. फाळणीबद्दल मुलं प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तर द्यायला आपण जवळ हवं.

शेवटच्या भागात कमलाचे वडील तिला तिच्या नावाचा अर्थ सांगतात. 'कमाल' म्हणजे उर्दूत अचंबा, आश्चर्य, म्हणजेच इंग्रजीत 'मार्व्हल'! जे नाव ती बाहेर शोधत होती, ते जन्मापासून तिच्याकडेच होतं. आपणही म्हणतोच की, "कमाल आहे तुझी!"

गोष्ट संपल्यावर आमच्या परीने विचारलं, "बाई, गोळी लागली तेव्हा कमलाला दुखलं का हो?"

"दुखलं ना. खूप दुखलं. बरं होता येतं म्हणून दुखत नाही असं थोडंच असतं?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मलासुद्धा वर्गातली मुलं काळी म्हणतात."

पावडर कुठून आली, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवून मी सगळ्या वर्गाला कमलाची गोष्ट सांगितली.

संमेलनाच्या रात्री परी रंगमंचावर आली, ती पावडर न लावता. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. पहिल्या रांगेत तिची आई बसली होती, ती मात्र सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी वाजवतच राहिली.