सरावसंच विस्कटा

दहावीच्या गणिताचा अभ्यास बहुतेक घरांत एकाच क्रमाने चालतो. एक प्रकरण काढायचं, पहिल्या सरावसंचापासून शेवटच्या गणितापर्यंत सगळं सोडवायचं आणि मगच पुढच्या प्रकरणाला हात लावायचा. वह्याच्या वह्या भरतात, मेहनत खरी असते. तरीही मुलं पेपरात अडखळतात आणि घरचे म्हणतात, सराव कमी पडला. मला वाटतं, कमी पडते ती सरावातली सरमिसळ.

हे गणित बघा : दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४ आहे, तर त्या संख्या कोणत्या? आता हे : दोन संख्यांची बेरीज २२ आणि वजाबाकी २ आहे, तर त्या संख्या कोणत्या? दोन्हींचं उत्तर १० आणि १२. पण पहिल्याला वर्गसमीकरण मांडावं लागतं, दुसऱ्याला दोन चलांतली रेषीय समीकरणं. पहिलं गणित ‘वर्गसमीकरणे’ या मथळ्याखाली आलं, की रीत मथळ्यानेच सांगून टाकलेली असते. मुलाकडे उरतात मांडणी आणि अवयव. बोर्डाच्या ४० गुणांच्या पेपरात गणितांवर प्रकरणांची नावं नसतात. रीत ओळखण्याचं काम, ज्याचा सराव कधी झालाच नाही, ते तिथे दोन तासांत करायचं असतं.

अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका यावरच होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने चारही आकृत्यांची मिसळून. सरावात सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, मिसळवाले ६३ वर टिकून होते. पुढे रोरर यांनी सहकाऱ्यांसह सातवीच्या ५४ वर्गांत काही महिने असाच प्रयोग केला. महिन्याभराने न सांगता घेतलेल्या चाचणीतही मिसळून सराव केलेली मुलं पुढे होती : ६१ टक्के विरुद्ध ३८.

सरावातले ते ८९ टक्के फार फसवे असतात. ओळीने दहा गणितं बरोबर आली की प्रकरण ‘झालं’ असं वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या गणितापासून मूल आधीच्याच पायऱ्या गिरवत असतं. मिसळलेल्या सरावात दर वेळी रीत आठवणीतून शोधून काढावी लागते. चुका जास्त होतात, मूल वैतागतं, आणि शिकणं तिथेच घडत असतं. त्या चुका पाहून घरच्यांनी धीर सोडू नये.

प्रकरण नवं असताना मात्र आठ-दहा गणितं सलग सोडवायलाच हवीत, नाहीतर रीतच बसत नाही. त्यानंतर रोजच्या सरावात श्रेढी, संभाव्यता, अर्थनियोजन, सगळ्यांतली दोन-दोन गणितं घ्यावीत. पुस्तकातला संकीर्ण प्रश्नसंग्रह त्या-त्या प्रकरणापुरताच असतो, म्हणून हे मिश्रण आपणच करावं लागतं. शिक्षकांनी गृहपाठ असा दिला तर फारच उत्तम.

आणखी एक करून बघा. जुनी प्रश्नपत्रिका घ्या. गणितं पूर्ण सोडवू नका. प्रत्येकापुढे फक्त रीत आणि पहिलं समीकरण लिहा. जिथे रीत चुकली ती गणितं बाजूला काढा आणि तीन-चार दिवसांनी, उत्तर न बघता, पुन्हा सोडवायला घ्या.