फेस, तुरटी आणि खाडीचा चिखल

पदार्थ आतून कसा असतो, हे शाळेत बरेच शिकवले जाते. पण दोन पदार्थ जिथे एकमेकांना भिडतात, त्या सीमेवर काय घडते, हा पृष्ठ रसायनशास्त्राचा विषय. ठाणे-कल्याण पट्ट्यात त्याची उदाहरणे नळापासून खाडीपर्यंत सापडतात आणि त्याविषयीचे गैरसमजही.

गैरसमज : फेस जितका जास्त, तितकी सफाई जास्त.
वस्तुस्थिती : फेस म्हणजे साबणाच्या पातळ पापुद्र्यात अडकलेली हवा. मळ काढतात ते पाण्यातले साबणाचे रेणू. त्यांचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. तेलाचा कण ते चहूबाजूंनी वेढतात आणि पाणी त्याला वाहून नेते. पुढून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवतात, तरी कपडे स्वच्छ निघतात.

गैरसमज : तुरटी माती विरघळवते आणि जंतूही मारते.
वस्तुस्थिती : कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचे पाणी मिळते आणि पावसाळ्यात ही नदी गढूळ होते. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण प्रभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटीतले ॲल्युमिनियमचे आयन तीन धन प्रभारांचे असतात. ते कणांचा प्रभार नाहीसा करतात. मग कण एकत्र येतात, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या चिकट पुंजक्यांत अडकतात आणि खाली बसतात. माती विरघळत नाही, साकळते. तिच्यासोबत काही जंतू जातात, सगळे नाही. म्हणून पाणी गाळल्यावरही क्लोरीन द्यावाच लागतो.

गैरसमज : खाडीतला चिखल म्हणजे नुसती शहराची घाण.
वस्तुस्थिती : सांडपाणी खाडीत येते, हे खरेच. पण चिखल साचण्यामागे तुरटीचेच रसायन आहे. कल्याणच्या पुढे उल्हासच्या गोड्या पाण्याला भरतीचे खारे पाणी भेटते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सोडियम आणि मॅग्नेशियमचे आयन मातीच्या कणांचा प्रभार झाकतात, कण एकत्र येतात आणि गाळ बसतो. हे आयन ॲल्युमिनियमइतके प्रभावी नाहीत, पण प्रमाणाने भरपूर आहेत. याच गाळावर खारफुटी उभी आहे.

गैरसमज : फिल्टरमधला कोळसा स्पंजासारखा घाण शोषतो.
वस्तुस्थिती : स्पंजात पाणी आतवर भरते. कोळशावर मात्र वास आणि रंग देणारे रेणू पृष्ठभागाला चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. एक ग्रॅम सक्रिय कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग १,००० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे डोंबिवलीतल्या ५० चौरस मीटरच्या वीस सदनिकांएवढा भरू शकतो. ही जागा संपली की फिल्टरचे कार्ट्रिज बदलावेच लागते. विरघळलेले क्षार मात्र कोळसा अडवत नाही.

गैरसमज : उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही.
वस्तुस्थिती : भाग घेतो, पण शेवटी पुन्हा मूळ रूपात मिळतो. घोडबंदर रोडवरच्या पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड धुराच्या नळीत बसवलेल्या उत्प्रेरकातल्या प्लॅटिनम किंवा पॅलेडियमच्या पृष्ठभागावर चिकटतो, तिथे ऑक्सिजनशी जुळतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. पेट्रोलमध्ये शिसे असेल तर ते हीच जागा अडवते. म्हणून अशा गाड्यांना शिसेविरहित पेट्रोलच लागते.

येत्या पावसात दोन ग्लासांत गढूळ पाणी घ्या, एकात चिमूटभर तुरटीची पूड ढवळा आणि तासाभराने दोन्ही शेजारी ठेवून पाहा. फक्त ते पाणी पिऊ नका: नितळ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही.