जोडा कोणता आणि कोठे

माणसाची पारख डोईच्या पागोट्यावरून करण्याचा आपल्याकडे जुना रिवाज. होळकरी पगडी कशी आणि शिंदेशाही पगडी कशी, यावर आपल्या शहरातली वृद्ध मंडळी आजही तासभर बोलतील. त्याच पुरुषांच्या पायांत काय होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. जुन्या तसबिरींतसुद्धा चित्रकाराने सारा जीव शिरपेचावर ओतलेला असतो आणि जोडे दोन फटकाऱ्यांत उरकलेले असतात. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण जरा जास्तच मनावर घेतली म्हणायची!

हा विषय डोक्यात शिरला तो तिरोडीला. तिरोडी म्हणजे बालाघाट जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे मँगनीजचे गाव. तुमसर रोडला गाडी बदलून तिकडे जायचे. १९५६ च्या प्रांतरचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला; पण सोयरीक आणि बोली यांनी ती रेघ कधी मानली नाही. गावाचा मान असा की येथील खनिजाला १९३८ साली भूशास्त्रज्ञांनी ‘तिरोडाइट’ असे नाव दिले होते. पुढे शास्त्रज्ञांनीच वर्गीकरण बदलले आणि ते नाव मागे पडले. डोंगर फोडून उघड्यावरच खनिज काढायचे, अशी ही खाण. खनिज काळे, त्याची धूळही काळी, आणि जोड्याचे पालिश तिच्यापुढे घटकाभरही टिकत नाही.

भाचीचे यजमान तेथे खाणीत नोकरीला आहेत. धाकट्या दिराच्या लग्नासाठी गेलो, तेव्हा त्यांच्या उंबऱ्याशी तीन जोड मांडलेले दिसले. एक खाणीचा, जाड तळाचा, पुढे बोटांवर पोलादी टोपी असलेला बूट. दुसरी रबरी सपाता. तिसरा खोक्यात, मऊ कागदात गुंडाळलेला काळा नाडीचा जोडा. तो स्वतःच्या लग्नात घातलेला, पुढे क्वचित, आणि गेली सहा-सात वर्षे नुसता जपून ठेवलेला.

“मामा, सूट शिवला आहे. हा जोडा चालेल ना त्यावर?”

“चालेल काय जावईबापू, शोभेल!” मी म्हणालो.

लग्नाच्या आदल्या रात्री त्यांनी तो पायात घातला, अंगणात चार पावले टाकली आणि तळाचे तुकडे शिळ्या भाकरीसारखे गळून पडले. वरचे कातडे आरशासारखे चकाकत होते. घरात कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले दुकानदाराने फसवले. कारण खरे तर रासायनिक आहे. अलीकडचे पुष्कळसे हलके तळ पॉलियुरेथेनचे असतात. हवेतला ओलावा त्या पदार्थाचे बंध हळूहळू तोडत राहतो, आणि जोडा न वापरता बंद खोक्यात पडून राहिला तरी ही झीज थांबत नाही. म्हणून समारंभासाठी जोडा घ्यायचा तर तळ कातड्याचा किंवा चांगल्या रबराचा, शक्यतो शिवलेला असावा. त्याला मोची दुसरा तळ लावू शकतो. ओतीव तळ गेला की बहुधा जोडाच गेला. जावईबापूंनी दुसऱ्या दिवशी सूट बाजूला ठेवला, झब्बा चढवला आणि माझी कोल्हापुरी पायात घातली. खरे सांगायचे तर सुटापेक्षा ते अधिक ऐटबाज दिसले.

खाणीच्या त्या बुटाविषयीही सांगितले पाहिजे. इंग्रजी अमदानीत आपल्या खाणींतून मजूर सर्रास अनवाणी राबत. धातुखाणींसाठी १९६१ साली विनियम झाले. संमत प्रकारचे संरक्षक पादत्राण घातल्यावाचून कोणी खाणीत जाऊ नये आणि ते पादत्राण मालकाने मोफत द्यावे, असा नियम त्यांत घातला गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. खाणकऱ्याच्या बोटांवरची ती टोपी पोलादाची, आणि पोलाद करायला मँगनीज लागते. ज्या धातूसाठी माणूस डोंगर फोडतो, त्याचा अंश त्याच्या पायाचे रक्षण करतो. या बुटाला कोणी रुबाबदार म्हणणार नाही. पण प्रसंगाला साजेल तो जोडा उत्तम असे धरले, तर उंबऱ्याशी ठेवलेल्या तीन जोडांत पहिला मान त्याचाच.

प्रसंगाला काय साजते, हे ठरवण्याचा अधिकार मात्र नेहमीच पायाच्या धन्याकडे नव्हता. आपल्या रीतीने वडीलधाऱ्यांपुढे जाताना जोडा बाहेर काढायचा. साहेबाच्या रीतीने टोपी काढायची आणि बूट तसेच ठेवायचे. कंपनी सरकारने पहिल्या रीतीचा फायदा घेतला. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाने असे ठरवले की, विलायती धर्तीचे बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीयांना सरकारी समारंभांत ते पायांत ठेवण्याची मुभा असावी. म्हणजे साहेबी बूट असेल तर आत, देशी जोडा असेल तर दाराबाहेर! १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात असेसर म्हणून बोलावलेल्या माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना पायांतले पारशी जोडे काढायला सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि प्रकरण बरेच गाजले. आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांनी धोतरावर कोट आणि त्याखाली बूट-मोजे हा विजोड पोशाख का पत्करला, हे कोडे मला या हकीकतीनंतर थोडेसे उलगडले. धोतराखाली बूट दिसायला वाईटच. पण कचेरीच्या दारात ओणवे होऊन वहाणा काढण्यापेक्षा तो बरा वाटला असेल.

या तक्रारीत आपल्याच घरची दुसरी बाजू विसरता येत नाही. साहेबाच्या दारातला अपमान ज्यांना झोंबला, त्यांच्याच गावांतून अस्पृश्य मानलेल्या माणसाला पाटलाच्या वाड्यावरून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. ज्यांनी कातडे कमावावे, जोडा शिवावा, त्यांनीच तो पायात घालायला भ्यावे! बाबासाहेब आंबेडकरांच्या छायाचित्रांतला नीटनेटका सूट आणि बूट पाहून अजूनही कोणी ‘साहेबी थाट’ म्हणतो, तेव्हा ही हकीकत त्याला सांगावीशी वाटते. उलट १९३१ साली गांधीजी पंचम जॉर्जच्या भेटीला बकिंगहॅम राजवाड्यात गेले ते पंचा, शाल आणि साध्या वहाणा घालून. एकाने बूट घातला, दुसऱ्याने टाकला, आणि दोघांचेही योग्य होते. कारण कोणापुढे उभे राहायचे आहे हे दोघांनाही ठाऊक होते.

कोल्हापुरीकडे वळतो, कारण आपल्या घरांत तिच्याविषयी एक घोटाळा आहे. कोणी तिला घरगुती समजून सपातेच्या पंक्तीला बसवतात, कोणी सणासुदीखेरीज काढीत नाहीत. ती दोन्हीकडे चालते, फक्त जात पाहून घ्यावी लागते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण, खिळा नाही, ही अस्सलाची खूण. पायताण नावाचा जाड, भक्कम प्रकार शेतावर आणि लांबच्या चालीला. नाजूक पट्ट्यांची, वेणी घातलेली कापशी झब्ब्याखाली किंवा धोतराखाली. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेवरून इतके भांडलो, चप्पल मात्र दोन्हीकडची एकच निघाली. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन पेढीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात तशाच वहाणा मांडल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा कुठे त्यांनी ती प्रेरणा भारतातल्या पारंपरिक कारागिरीची असल्याचे मान्य केले. मला रागापेक्षा हसू अधिक आले. आपले तरुण लग्नात कोल्हापुरी घालायला लाजतात आणि मिलानचे छबीले ती घालून मिरवतात! पावसाळ्यात मात्र ती बाहेर काढू नये. हे कातडे पाणी पिते आणि फुगते.

सुटाखाली काय घालावे, हे नव्या पिढीने मला अनेकदा विचारले आहे. नाडीच्या जोड्यांत दोन घराणी. ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या कातड्याखाली शिवून मिटवलेल्या असतात, म्हणून तो सर्वांत औपचारिक. डर्बीत त्या वरून मोकळ्या असतात. लहानपण अनवाणी गेलेल्यांचे पाय पंज्याशी रुंद होतात आणि अशा पायाला डर्बीच सोसते. मुलाखत, न्यायालय, कचेरीतला मोठा दिवस यांना काळा नाडीचा जोडा. दिवसाच्या चहापानाला, व्याख्यानाला तपकिरी चालतो. कमरेचा पट्टा त्याच रंगाचा असावा. शेरवानीखाली धावण्याचे पांढरे बूट घालायची जी टूम निघाली आहे ती मला रुचत नाही. पण नवरदेव पहाटेपासून उभा असतो, त्याच्या टाचेचे दुःख मला काय ठाऊक?

आपल्या समारंभांत जोड्याचा अर्धा वेळ मंडपाबाहेर जातो, हे विलायती पुस्तकांत सापडणार नाही. वधूपित्याने नाडीचा बूट घालूच नये. देवक, कन्यादान, पंगत अशा दर विधीला वाकून गाठ सोडायची तर त्या बिचाऱ्याचा मुहूर्त टळेल. त्याला पंप शू किंवा मोजडी बरी. मैफलीला आणि देवळात जुनी वहाण न्यावी. कारण सांगायला नको. मयताच्या घरी भेटीला जाताना करकर वाजणारी कोल्हापुरी नको, साधी मऊ चप्पल असावी. मोजे मात्र दरवेळी पाहून घालावेत. जोडा कितीही झकपक असो, बैठकीत गादीवर बसल्यावर फाटक्या मोज्यातून अंगठा डोकावला की सारा रुबाब तिथेच संपतो.

मधुमेह असलेल्यांनी शोभा दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी. तळपायाची जाणीव मंदावलेली असली की अंगठ्याच्या पट्ट्याने पडलेला घट्टा किंवा आत शिरलेला खडा कळत नाही, जखम चिघळते आणि प्रकरण बोट कापण्यापर्यंत जाते. त्यांनी बंद, ऐसपैस, आतून मऊ जोडा घालावा आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा; घरातही अनवाणी फिरू नये. बाकीच्यांनी खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पाय मोजून घ्यावेत. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, आणि जोडा त्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो.