नावांचे राखणदार

महाराष्ट्रात वणी या नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत. एक यवतमाळ जिल्ह्यात आहे. कापसाची बाजारपेठ आणि आसपासच्या कोळशाच्या खाणी यांमुळे ते सर्वांस ठाऊक झाले आहे. एके काळी तर सारा जिल्हाच या गावाच्या नावाने ओळखला जात असे. दुसरे वणी नाशिक जिल्ह्यात, सप्तशृंगीच्या डोंगराजवळ वसलेले आहे. लिफाफ्यावर नुसते ‘वणी’ एवढेच लिहिले, तर टपाल खात्याने ते पत्र कोठे धाडावे? म्हणून गावाखाली तालुका, जिल्हा व राज्य यांची नावे लिहितात, आणि टपाल कचेरीतील माणूस तो पत्ता खालून वर वाचत जातो.

इंटरनेटवरील पत्त्यांची रीतही अशीच आहे. तेथील प्रत्येक यंत्राला खरे पाहता एक अंक दिलेला असतो. परंतु असे लांबलचक अंक माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून अंकांऐवजी नावे वापरतात. कोणी एखादे नाव लिहिले, की संगणक प्रथम जगाच्या मूळ नोंदवहीला त्या नावाच्या अखेरच्या भागाविषयी विचारतो, मग त्याच्या आधीच्या भागाविषयी, आणि असे करीत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच इष्ट अंकापर्यंत जाऊन पोहोचतो.

टपालाच्या व्यवहारात एक सोय असते, ती मात्र येथे नाही. पत्ता थोडा चुकला, तरी अनुभवी पोस्टमन चार जणांना विचारून पत्र बरोबर पोहोचवतो. यंत्राला असे तारतम्य नसते. त्याला अक्षर दिसतच नाही; प्रत्येक अक्षरासाठी ठरवलेला अंक तेवढा दिसतो. रोमन लिपीतील ‘ओ’ आणि रशियन लिपीतील ‘ओ’ ही अक्षरे शेजारी शेजारी ठेवली, तर कितीही तीक्ष्ण दृष्टीच्या माणसास त्यांतील भेद सांगता येणार नाही. यंत्राच्या लेखी मात्र पहिल्याचा अंक १११ आणि दुसऱ्याचा १०८६. २००२ साली इस्राएलमधील दोन संशोधकांनी नेमके हेच दाखवून दिले. एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या नावातील काही अक्षरे बदलून त्यांनी तेथे रशियन अक्षरे घातली, आणि हुबेहूब दिसणारे ते नाव आपल्या नावावर नोंदवून घेतले. हेतू फसवणुकीचा नव्हता. लोकांना सावध करावे, एवढाच होता. पण चोराच्या हाती हीच युक्ती पडली तर काय होईल? घाटंजीचा एखादा शेतकरी कापूस विकून आलेले पैसे पाहण्यासाठी आपल्या बँकेचा पत्ता उघडील, समोर तेच नाव व तेच चित्र दिसेल, आणि आपली गुप्त खूण तो स्वतःच्या हाताने परक्याच्या स्वाधीन करील.

असे घडू नये यासाठी झटणाऱ्या तज्ज्ञांचा एक नवा व्यवसाय उदयास आला आहे. त्यांपैकी काही जण एखाद्या कचेरीतील यंत्रांवर पहारा ठेवतात. परंतु नावांची मूळ नोंदवही साऱ्या जगाची एकच असल्याने तिचे नियम एका कचेरीत, किंबहुना एका देशात बसून ठरवता येत नाहीत. त्यासाठी १९९८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ‘आयकॅन’ नावाची संस्था स्थापन झाली. प्रारंभी तिच्या या कामावर अमेरिकन सरकारची देखरेख होती. ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपुष्टात आली. आता निरनिराळ्या देशांची सरकारे, व्यापारी, अभियंते आणि सामान्य नागरिक एकत्र बसून नियम ठरवतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये अशी एक सभा हैदराबाद येथे भरली होती. येथे हुकूम चालत नाही. पटवून द्यावे लागते. यंत्रविद्येत निष्णात असलेल्या पुष्कळ माणसांना हीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते.

भारतीय लिप्यांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा या कामात पुण्याचा वाटा मोठा होता. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजेच सी-डॅकमध्ये, संगणकावर भारतीय भाषा आणण्याचे काम आरंभापासून चालत आले आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ज्याच्या अखेरीस ‘भारत’ हा शब्द देवनागरीत येतो, असा पत्ता लोकांना खुला झाला. हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी अशा आठ भाषांची त्यात सोय होती. पुढे ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांचे नियम ठरवण्यासाठी एक मंडळ नेमण्यात आले. त्याच्या तिघा अध्यक्षांपैकी एक होते सी-डॅकचे महेश कुलकर्णी. पत्त्याच्या अखेरच्या भागात कोणती अक्षरे चालावीत, कोणती चालू नयेत, आणि कोणती अक्षरे एकमेकांसारखी दिसतात, हे या मंडळाने एकेक अक्षर तपासून ठरवावयाचे होते. पंजाबीच्या गुरुमुखी लिपीतील ‘स’ आपल्या ‘म’सारखाच दिसतो! ‘म’चा अंक २३५०, तर त्या ‘स’चा २६१६. अशा जोड्या शोधून काढणे हे यंत्राच्या जाणकाराइतकेच लिपीच्या जाणकाराचेही काम होय.

मराठीपुढे याहून नाजूक पेच होता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हे दोन शब्द लिहिताना मराठी माणूस ‘र’ दोन तऱ्हांनी काढतो. हिंदीत हा दुसरा अर्धा ‘र’ नाही. नियम केवळ हिंदीवरून बेतले असते, तर दऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाड हे शब्द तर राहोतच, पण यवतमाळ ज्या प्रदेशात आहे, त्या वऱ्हाडाचे नावदेखील पत्त्यात शुद्ध लिहिता आले नसते.

मग हे अक्षर सरळ घेऊन का टाकू नये? अडचण अशी, की संगणकावर ते दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात नेहमीचा ‘र’ आणि हलन्ताचे चिन्ह यांच्यापुढे एक अदृश्य चिन्ह घालतात. त्याचा अंक ८२०५. पण कागदावर वा पडद्यावर त्याची एक रेघही उमटत नाही. दुसऱ्या प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दोन्हींचे दृश्य रूप एकच, अंक मात्र वेगळे. म्हणजे एकाने एका प्रकारे ‘वऱ्हाड’ नोंदवले, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले ‘वऱ्हाड’ एखाद्या लबाडाला मिळवता येईल, आणि त्या दोहोंत जो फरक आहे, तो तर मुळी दिसतच नाही!

सुरक्षिततेसाठी ते अक्षरच वगळावे, हा सोपा मार्ग होता. तो स्वीकारला गेला नाही. अदृश्य चिन्हाला मूळ नोंदवहीत मज्जाव झाला. नुक्त्याचा ‘ऱ’ मात्र ठेवला गेला, आणि तोही एका अटीवर: त्याच्यापुढे हलन्त असावे व त्यानंतर ‘य’ किंवा ‘ह’ हेच अक्षर यावे. मराठीला त्याची गरज याच दोन ठिकाणी भासते. हे नियम लोकांपुढे ठेवून त्यांवर सूचना मागवण्यात आल्या, आणि २०१९ साली देवनागरीचा तक्ता जगाच्या नियमावलीत दाखल झाला. त्या तक्त्यानुसार ‘वऱ्हाड’ या नावाचे अंक असे होतात: २३५७, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७.