बंब बरा होता!

गेल्या जानेवारीत इथे लंडनला पहाटे घरचा गॅसचा बॉयलर बंद पडला. नुकतीच सांगलीहून आलेली आई शालीत कुडकुडत होती. मी चारदा रीसेटचे बटण दाबले. पडद्यावर तोच संकेत! मग पुस्तिका काढली. ज्योत न पेटल्याची खूण व्हायलंटच्या यंत्रावर ‘एफ २८’, तर वुस्टरच्या कित्येक यंत्रांवर ‘ईए’. का पेटली नाही, ते मात्र खूण सांगत नाही. थंडीत पहिला संशय घ्यावा तो यंत्रातले पाणी भिंतीबाहेर टाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचा. तीत बर्फ साचला, की पाणी आत तुंबते. मी नळीवर कोमट पाणी ओतले (उकळते नव्हे, नळी तडकायची!) आणि बटण दाबले. पेटला! न पेटता, तर झाकणाला हात न लावता ‘गॅस सेफ’ नोंदणीचा कारागीरच बोलावला असता.

आई म्हणाली, “आपल्या बंबात फुंकर तरी घालता येत होती!”