जुनी लेन्स, मावळचं आभाळ

दिवाळीच्या अमावास्येला चंद्र नसतो, पाऊस बहुधा सरलेला असतो आणि रात्री नऊ-दहाला देवयानी दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. तिचा फोटो काढायला महागडी दुर्बीणच लागते, हा समज आता सोडायला हवा. फिल्मच्या जमान्यातली, हाताने फोकस करायची ताकुमार किंवा ज्युपिटरसारखी लेन्स पुरते. 200 मिमी लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यावर साधारण पावणेसात अंश रुंद आकाश दाखवते, आणि देवयानीचा विस्तार तीन अंशांचा.

थोर मंडळींनीही हे केलंय. एडवर्ड बर्नार्ड यांनी लिक वेधशाळेत 1889 पासून आकाशगंगा टिपली ती माणसांचे फोटो काढायच्या जुन्या भिंगातून. 1892 मध्ये त्यातूनच त्यांना धूमकेतू सापडला, छायाचित्रातून सापडलेला पहिला.

खरेदी करताना आधी लेन्स उजेडासमोर धरून आरपार पाहावी. आपल्या पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेल्या काचेवर बुरशीची जाळी हमखास असते. मग माउंट. एम42 आट्यांची लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर साध्या रिंगने बसते. निकॉनवर मात्र जेमतेम एक मिलिमीटरच्या फरकाने अनंतावर फोकसच होत नाही.

जुन्या काचेचा खरा दोष रात्री कळतो. ठळक ताऱ्यांभोवती जांभळी झालर येते, कडेचे तारे पिसासारखे ताणले जातात. अ‍ॅपर्चर एफ/4 वरून 5.6 वर आणलं की दोन्ही बरंच आवरतं, पण पाकळ्यांच्या कोनांमुळे ताऱ्यांना काटे फुटतात. त्यावर तोड सोपी: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून लेन्सपुढे 36 मिमीचं गोल भोक पाडलेला काळा पुठ्ठा लावायचा. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये तारा मोठा करून जुळवावा आणि रिंग चिकटपट्टीने बांधून टाकावी. अनंताच्या खुणेवर विसंबणाऱ्याची रात्र वाया जाते.

पैसे घालायचेच तर ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरमध्ये घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या ट्रायपॉडवर 200 मिमीला दीड-दोन सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघोट्या होतात. तरी असे शेकडो फोटो सिरिलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले, तर दीर्घिकेचा गाभा आणि धूसर चकती उमटते.

पुण्याला हा नाद जुना. ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 ची. पण काळोखासाठी शहराबाहेरच पडावं लागतं. मावळातल्या तिकोणा पेठेत पूर्वेकडे पिंपरी-चिंचवडची तांबूस झळ, वायव्येला लोणावळ्याची. डोक्यावरचं आभाळ त्यातल्या त्यात बरं, आणि देवयानी तिथंच असते. ट्रॅकर लावायला ध्रुव दिसायला हवा. तो इथं जेमतेम साडेअठरा अंशांवर, त्यामुळे उत्तरेला किल्ला किंवा डोंगर आडवा येणार नाही असा माळ दिवसाउजेडीच हेरून ठेवावा. पवना धरणाचं पाणी जवळ, म्हणून मध्यरात्रीनंतर काचेवर दव धरतं. लेन्सभोवती गरम पट्टा हवाच. आणि शनिवार टाळावा. धरणाकाठच्या तंबूंमधले दिवे आणि डीजे उशिरापर्यंत चालू असतात.